पहिला घास कवडीचा

जयवंत डुबल सरांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत लाल शाईने इतकं खोडलं होतं, की निवृत्तीनंतरही खिशाला लाल पेन नसलं तर त्यांना उघडं पडल्यासारखं वाटे. पाटण तालुक्यातल्या कारळवाडीच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. खोडण्याची त्यांची एक पद्धत होती. गिचमिड करायची नाही. पट्टी लावून एकच सरळ रेघ ओढायची, म्हणजे आपलं काय चुकलं ते पोराला पुन्हा वाचता येतं. या सचोटीचा सरांना फार अभिमान होता. अशीच एक सरळ रेघ पुढे आपल्यालाच वाचावी लागेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर ते गावातल्या अंधश्रद्धा खोडत. एकदा कुणाच्या तरी टेम्पोला टांगलेलं लिंबू त्यांनी सोडवलं, भर चौकात त्याचं सरबत केलं आणि सगळ्यांदेखत प्यायले. लिंबाने काही केलं नाही. सरबताचं पाणी मात्र दोन दिवस बाधलं. ते त्यांनी फक्त बायकोला सांगितलं, आणि शालनताईंनी फक्त चौघींना सांगितलं.

सरांच्या घराला भिंत लावून त्यांच्या थोरल्या चुलतभावाचं घर होतं. भाऊ केव्हाच गेला होता. तिथे बायडावहिनी आणि त्यांची शेळी कवडी अशा दोघीच राहत. वहिनींच्या ओट्यावर गुडघा सुजलेली माणसं धरून आणली जात. वहिनी तव्यावर निर्गुडीचा पाला गरम करत, जुन्या लुगड्याच्या पट्टीने गुडघ्याला बांधत आणि तिसऱ्या दिवशी माणूस आपल्या पायाने घरी जाई. सर म्हणत, तीन दिवस गप्प बसलं तर कुणाचाही गुडघा उतरतो. वहिनी म्हणत, मग बसा की तुमी गप्प. पण गप्प बसणं सरांना जमण्यासारखं नव्हतं.

पुढे सरांचाच उजवा गुडघा नारळाएवढा फुगला, तेव्हा त्यांनी निव्वळ निरीक्षणासाठी पाला बांधून घेतला. निरीक्षण असं झालं, की चौथ्या दिवशी ते सायकलवरून बाजारात गेले. सर हट्टी असले तरी प्रामाणिक होते. गावच्या जैवविविधता समितीचे ते सचिव होते, आणि गावातली झाडं व त्यांचे उपयोग नोंदवहीत लिहून काढण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यांनी वहिनींच्या ओट्यावर वही घेऊन बसून सगळी कृती उतरवून घेतली, नोंदवहीत चढवली आणि वहिनींनी पहाटे तोडलेला पाला डब्यात घालून पुण्याच्या एका संशोधन संस्थेला पाठवला.

ही दोन हजार सदतीस सालची गोष्ट. त्या वेळी सगळ्या देशाला गुडघ्यांनी छळलं होतं. माणसं नव्वदीपर्यंत जगू लागली होती. गुडघे मात्र साठ वर्षांच्याच करारावर आलेले होते.

सूज ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. शरीरात कुठे आग लागली की पांढऱ्या पेशींचं अग्निशमन दल धावत येतं, पाणी मारतं, आग विझवतं. अडचण त्यानंतर सुरू होते. म्हाताऱ्या गुडघ्यातून हे दल परत जातच नाही. तिथेच मुक्काम ठोकतं, पाणी मारत बसतं आणि घरातल्या सामानाची वाट लावतं. बाजारातल्या गोळ्या काय करतात, तर दलाची फोनलाइन कापतात. पण त्याच लाइनवर जठराचा आणि मूत्रपिंडाचाही फोन असतो. मग गुडघा शांत होतो आणि पोट बोंबलायला लागतं. कारळवाडीच्या पाल्यात सापडलेला रेणू लाइन कापत नव्हता. तो दलाच्या साहेबाला जाऊन एवढंच सांगत होता, की आग विझली, आता मंडळींना घरी न्या. आणि दल खरोखरच निघून जात होतं.

संस्थेने त्याचं नाव कारळिन ठेवलं. गावाच्या वेशीवर ‘कारळिनचे गाव आपले स्वागत करते’ अशी कमान उभी राहिली. बायडावहिनींना शाल आणि श्रीफळ मिळालं. शाल त्यांनी ट्रंकेत ठेवली आणि श्रीफळाची बर्फी केली.

मग संस्थेने माळावर चाळीस एकर निर्गुडी लावली. वहिनींच्या ओढ्याकाठच्या झुडपाच्याच फांद्या नेऊन रोपं केली. ओढ्याकाठची माती ट्रकने नेली. भोवती विजेचं कुंपण घातलं, वर राखणीला ड्रोन ठेवले. तिथे किडा फिरकत नसे, आणि शेळीला तर लांबूनही दर्शन मिळत नसे. झाडं इतकी तरारली, की येईल त्या पाहुण्याला ती दाखवायला नेत. त्यांत एकच उणीव होती. पानांत कारळिन नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच.

पाच वर्षं खतं बदलून झाली, पाणी बदलून झालं, दोन संचालकही बदलून झाले. शेवटी संस्थेचा ड्रोन कारळवाडीला आला, भर दुपारी ओढ्याकाठच्या मूळ झुडपाची पानं खुडून घेऊन गेला. त्यातही काही सापडलं नाही.

त्रेचाळीसच्या सप्टेंबरात सरपंचांच्या नावे पत्र आलं. ‘माहिती देणाऱ्या व्यक्तीने मूळ वनस्पती दडवून दिशाभूल केली असल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ सोप्या मराठीत सांगायचं तर म्हातारीने भलत्याच झाडाचा रस निर्गुडीला चोळून दिला आणि सगळ्यांना फसवलं. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे विषय ठेवावा, नोंदवहीतून श्रीमती बायडाबाई डुबल यांचं नाव कमी करावं, आणि कारण म्हणून ‘खोटी माहिती’ असं लिहावं, अशी विनंती होती.

पत्र वहिनींना वाचून दाखवायचं काम सचिवांकडे, म्हणजे सरांकडेच आलं. वहिनी तवा घासत होत्या. सगळं ऐकून घेतलं, तवा पालथा घातला आणि हात पुसले.

“मला जे ठावं हाय ते समदं सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “तुमी म्होरं बसून लिवून घेतलंय, भावजी. आता लिवलेलंबी खोटं म्हनत असतील, तर माझ्या हातचा पाला कशाला कुनाच्या पायाला.”

त्या दिवसापासून ओटा बंद झाला. लांबून आलेली माणसं लंगडत परत जाऊ लागली. सरांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, की नोंदवही आहे, आपण भांडू. पण ‘लिवून घेतलंय’ हा शब्द त्यांच्या डोक्यात चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. आपण सगळं लिहिलं होतं ना?

त्यांनी माळ्यावरून जुन्या वह्यांचा गठ्ठा उतरवला. ओट्यावर बसून लिहिलेली कच्ची वही तळाशी सापडली. त्यात वहिनींचं सांगणं सरांच्या वळणदार अक्षरात जसंच्या तसं होतं: ‘आदल्या सांजेला झाडाला आमंत्रण. शेंड्याच्या पानांना मिठाचं पाणी लावायचं, हा नैवेद्य. घरच्या शेळीने दोन-चार घास घ्यायचे, ती उष्टावण. मग झाडाला सांगायचं, उद्या येते हं बाई. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उष्ट्या फांदीचाच पाला घ्यायचा.’

त्यावर पट्टी लावून ओढलेली लाल रेघ होती. अगदी सरळ. समासात लिहिलं होतं: ‘अंधश्रद्धा. वगळावे. ज. डु.’

आणि नोंदवहीच्या कृतीच्या रकान्यात गेलं होतं एवढंच: ‘पाने तोडून, गरम करून बांधणे.’

सरांनी पान उजेडाकडे धरलं. रेघ सुंदर होती. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

बाहेर शालनताई घेवडा निवडत होत्या. सरांनी जरा आडवळणाने विचारलं, वहिनींच्या पाल्याला शेळी लागते हे तिला माहीत होतं का. शालनताईंनी मान वर न करता सांगितलं की सगळ्या गावाला माहीत आहे. एरवी शेळी निर्गुडीला तोंड लावत नाही, इतका तो पाला कडू. म्हणून तर मीठ लावावं लागतं. आणि शेळीने उष्टावल्याशिवाय पाला लागू पडत नाही, हे वहिनींच्या सासूपासून चालत आलंय.

“मग मला कधी बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? त्या माळावर शेळी येऊ नये म्हणून कुंपण घातलं, तेव्हा आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसत होतो. तुम्ही म्हणालात, प्रगतीला काय हसता.”

सरांना ते आठवलं. शिवाय वाक्य चांगलं जमलं म्हणून त्या दिवशी ते स्वतःवर खूश होते, हेही आठवलं.

त्यांनी संस्थेला पत्र लिहायला घेतलं. ‘अलीकडेच असे निदर्शनास आले की’, इथे ते थांबले. निदर्शनास सहा वर्षांपूर्वी आलं होतं. दुसरा कागद घेतला: ‘अनवधानाने एक तपशील राहून गेला.’ अनवधानाने कुणी पट्टी लावून रेघ ओढत नाही. तिसऱ्या कागदावर काही लिहिण्याऐवजी त्यांनी संस्थेतल्या डॉ. नौशीन मुल्लांना फोन लावला.

नौशीन मूळची कराडची. कारळिन तिनेच शोधलं होतं, आणि न सापडणाऱ्या कारळिनचा जाबही तिलाच विचारला जात होता. सरांनी वहीतला खोडलेला मजकूर वाचून दाखवला, रेघ कुणी ओढली ते सांगितलं आणि बोलणी खायला तयार होऊन बसले. पलीकडे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

“सर,” ती म्हणाली, “शेळी नक्की किती घास घेते?”

दुसऱ्या दिवशी ती कारळवाडीत होती. सोबत पानवाचक आणला होता. कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढं ते यंत्र पानाला लावलं की पानात कुठला रेणू किती आहे ते पडद्यावर उमटे. शालनताईंनी ते आधी कढीपत्त्याला लावून बघितलं आणि मगच त्यावर विश्वास ठेवला.

चहा पिता पिता नौशीनने सगळं उलगडून सांगितलं. झाडाला पळता येत नाही. कुणी खायला लागलं तर त्याला जागेवर उभं राहूनच लढावं लागतं. जखम झाली की पानं एक धोक्याचा इशारा सोडतात, आणि काही तासांत सगळं झाड शत्रूच्या तोंडाला नकोशी होणारी रसायनं बनवायला लागतं. पण ही रसायनं महाग पडतात, म्हणून झाड ती उगाच साठवून ठेवत नाही. गरज पडली की बनवायची, संकट टळलं की मोडून टाकायची. काही झाडांना जखम कशाची, तेही कळतं. वाऱ्याने फाटलेलं पान वेगळं आणि लाळ लागलेलं पान वेगळं. कारळिन हे तसलंच हत्यार असावं. शेळीने चावलं म्हणून झाड ते बनवतं, आणि तेच योगायोगाने माणसाच्या गुडघ्यात उपयोगी पडतं.

“आणि आम्ही काय केलं,” ती हसू दाबत म्हणाली, “चाळीस एकर झाडं इतकी लाडात ठेवली की त्यांना एकदाही राग आला नाही.”

सरांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, की हे नुसतं अनुमान आहे की सिद्ध करता येईल. ग्रामसभेला सतरा दिवस होते. वहीतला खोडलेला मजकूर तर कुणीही काल लिहून आज खोडू शकतं. तेवढ्यावर वहिनींचं नाव राहणार नव्हतं. नौशीन म्हणाली, सिद्धच करायचं. तुम्ही जे एका रेघेत खोडलंत त्याचे पाच तुकडे करू, आणि कुठल्या तुकड्यात दम आहे ते बघू.

ओढ्याकाठी तीस झुडपं निवडली आणि त्यांना रंगीत फिती बांधल्या. पांढऱ्या फितीच्या झुडपांना काहीच करायचं नाही. पिवळीला नुसतं मिठाचं पाणी. निळीची पानं कात्रीने कापायची. हिरवीला कात्री आणि वर कापसाने शेळीची लाळ. लालला मीठ आणि शेळी. सहावी जांभळी फीत सरांच्या आग्रहाखातर आली. तिला फक्त शब्द, बाकी काही नाही. शब्दांनी काही होत नाही हे सिद्ध झालंच पाहिजे, नाहीतर उद्या लोक म्हणतील मंत्रानेच औषध झालं, असं सरांचं म्हणणं. नौशीनला ते पटलं. मग प्रश्न आला, शब्द म्हणणार कोण. ती परगावची, तिच्या बोलण्याचा झाडावर परिणाम झाला नाही तर लोक तिच्या उच्चारांना दोष देतील. वहिनी तर कुणाशी बोलतच नव्हत्या. त्या शेळी तेवढी देत होत्या, तीही शालनताईंनी मागितली म्हणून.

त्यामुळे पुढचे बारा दिवस कारळवाडीकरांना रोज संध्याकाळी एक दृश्य फुकट बघायला मिळालं. लिंबाचं सरबत प्यायलेले डुबल सर एका निर्गुडीपुढे उभे राहत, इकडेतिकडे बघत आणि घसा साफ करून म्हणत, “उद्या येतो हं बाई.” मग दुसऱ्या झुडपापाशी जाऊन पुन्हा तेच. पाच झुडपं, पाच वेळा. नौशीन वहीत वेळ टिपून घेई. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, की सर, जरा आपुलकीने म्हणा, नाहीतर प्रयोग रद्द धरतील. सर आपुलकीने म्हणू लागले. वहिनी आपल्या परसातून हे बघत. बारा दिवसांत त्या शालनताईंना एकच वाक्य बोलल्या, की भावजींस्नी थंडी वाजंल, टोपी द्या.

निकाल फार सुंदर आला. पांढरी, पिवळी, जांभळी: शून्य. कात्रीची निळी: नाव घेण्यापुरतं. कात्री आणि लाळ: बऱ्यापैकी. कवडीने स्वतः खाल्लेली लाल: पानवाचकाचा आकडा पडद्यावर मावेना. घास घेतल्यापासून अकराव्या तासाला कारळिन सर्वांत जास्त असे, आणि दुपारपर्यंत झाड ते मोडून टाके. भर दुपारी आलेल्या ड्रोनला रिकामं पान का मिळालं, तेही कळलं.

नौशीनने अहवाल त्याच दिवशी संस्थेला धाडला आणि सरांना म्हणाली, की आता ग्रामसभेत तुम्ही काही नाही बोललात तरी चालेल. संस्था पत्र मागे घेईल. ‘नव्या संशोधनातून स्पष्ट झाल्यानुसार’ असं काहीतरी छापून येईल. कुणाचं नाव येणार नाही.

सरांना हे ऐकून जे बरं वाटलं त्याचीच त्यांना भीती वाटली. चौतीस वर्षांत कुणी पोराने चूक लपवली तर ते त्याला दुप्पट मार्क कापायचे. शिवाय वहिनींना अजून वाटत होतं, की त्यांनी सांगितलेलं सगळं वहीत आहे आणि ते वाचूनही लोक त्यांना खोटं म्हणताहेत.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा भरली. त्या वर्षीपासून सभेचं इतिवृत्त लिहायला यंत्र आलं होतं. ते जे कानी पडेल ते सगळं उतरवी. त्याला वगळणं शिकवलेलं नव्हतं. मागच्या सभेच्या इतिवृत्तात सरपंचांचा खोकला चौदा वेळा आला होता. सातवा विषय आला तेव्हा सरपंच म्हणाले, की संस्थेने पत्र मागे घेतलंय, विषय मिटला. लोक उठायला लागले. सर उभे राहिले.

त्यांनी कच्ची वही उघडली आणि खोडलेला मजकूर वाचला. मग समासातला शेराही वाचला, सहीसकट. यंत्राने ‘शांतता’ असं लिहिलं.

“वहिनींनी सगळं सांगितलं होतं,” सर म्हणाले. “मी ते खोडलं. मला ते पटलं नाही म्हणून खोडलं, तपासून नाही. मी जन्मभर तुम्हांला सांगत आलो की तपासल्याशिवाय काही मानू नका. तपासल्याशिवाय काही खोडूही नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढंही मला सुचायला हवं होतं. खोटी माहिती नोंदवहीत आहे. देणाऱ्याची नाही, लिहिणाऱ्याची आहे. कारणाच्या रकान्यात माझं नाव घाला.”

मागून कुणीतरी म्हणालं, सर, मग आता लिंबूबी खरं का? थोडा हशा झाला. सरांनी सांगितलं की ते तपासलेलं आहे, सरबत करून. आणि जाता जाता, सवयीने, त्यांनी तपासलेली दुसरी गोष्टही सांगितली: शेळी खरी, मीठ फक्त शेळीला बोलावण्यापुरतं, आणि ‘उद्या येते हं बाई’ या शब्दांचा झाडावर काडीचाही परिणाम होत नाही. पाच झुडपं, बारा दिवस, शून्य. तेवढी एक रेघ बरोबर होती, असं म्हणताना त्यांच्या आवाजात थोडी जुनी धार आली.

बायकांच्या बाजूने बायडावहिनी उठल्या. तीन आठवड्यांनी त्या दिराशी पहिल्यांदा बोलत होत्या.

“भावजी, त्ये झाडाला न्हवंच,” त्या म्हणाल्या. “झाडाला कुठं कान. त्ये आपल्याला असतंय. सांजेला मीठ लावलं, शेळीनं खाल्लं, आन् सकाळी गारठ्यात उठू नगं वाटलं, तर पाला वाया. तोंडानं बोलून गेलं म्हंजी यावं लागतंय. माझी सासू म्हनायची, बाईला सांगून आलीयास, आता झोप येईल का तुला.”

नौशीन वहीत काहीतरी भराभर लिहू लागली. मग पेन थांबलं. बारा दिवस ती रोज पहाटे मोबाइलच्या गजराने उठून पानं तोडायला गेली होती, शब्द म्हटलेल्या झुडपांची आणि न म्हटलेल्याही. अकरावा तास कधी चुकलाच नव्हता. शब्दांचं जे काम होतं ते गजराने करून टाकलं होतं, आणि प्रयोगात ते दिसणं शक्यच नव्हतं. तिने सरांकडे बघितलं. सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, त्याकडे जरा वेळ बघितलं आणि शेजारच्याकडून निळं मागून घेतलं.

नोंदवहीत त्या दिवशी संबंध कृती चढली. ‘उद्या येते हं बाई’ याच्यापुढे कारणाच्या रकान्यात सरांनी लिहिलं: ‘येणाऱ्याच्या लक्षात राहावे म्हणून.’ वहिनींचं नाव होतं तिथेच राहिलं. सरांचं नाव खोट्या माहितीच्या रकान्यात घालायला सरपंचांनी नकार दिला, कारण तिथे पुरुषांसाठी रकानाच नव्हता. संस्थेने पाठवलेल्या छापील फॉर्मवर ‘श्रीमती’ होतं.

माळावरचं विजेचं कुंपण महिन्याभरात निघालं आणि संस्थेत तीनशे शेळ्या रुजू झाल्या. प्रत्येकीच्या कानात बिल्ला होता, आणि दर शेळीमागे किती घास, हे ठरवायला समिती होती. औषधाच्या परवान्यासाठी मूळ कृतीत एका अक्षराचा बदल करायचा नाही, असा नियम निघाला. त्यामुळे आता रोज संध्याकाळी चाळीस एकरांवरून ड्रोन फिरतो आणि एकेका झाडापाशी थांबून बायकी आवाजात म्हणतो, ‘उद्या येते हं बाई.’ ड्रोनला विसरायची सोय नाही, त्यामुळे त्याला आठवणीचीही गरज नाही. पण नियम म्हणजे नियम. रोज निर्गुडी खाऊन संस्थेच्या म्हाताऱ्या शेळ्या उड्या मारायला लागल्या. त्याची नोंद मात्र झाली नाही. तसा रकाना नव्हता.

सभेच्या दुसऱ्या दिवशी बायडावहिनींनी तवा सुलटा केला. ओट्यावर पहिला गुडघा सरांचा होता. ओढ्याकाठी बारा दिवस उभं राहून तो पुन्हा फुगला होता. वहिनींनी गुडघा दाबून बघितला आणि म्हणाल्या, पाला लागंल. पण सांजेला ओढ्यावर जायला आता माझे पाय वळत न्हाईत. कवडीला घिऊन तुमी जावा. समदं तुमास्नी येतंय.

सर गेले. मीठ लावलं. कवडीने चार घास घेतले आणि तोंड वाकडं केलं. आज वही घेऊन कुणी उभं नव्हतं, फिती नव्हत्या, प्रयोग नव्हता. सरांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, “उद्या येतो हं बाई.”

पहाटे पाचला गजर झाला नाही. आदल्या रात्री सरांनी तो मुद्दामच लावला नव्हता. तपासून बघायचं होतं. बाहेर गारठा होता, गुडघा ठणकत होता, गोधडी ऊबदार होती आणि एक दिवस पाला नसता आला तर कुणालाही कळलं नसतं. सरांनी कूस बदलली. पुन्हा बदलली. मग टोपी शोधली.

ओढ्याकाठी पोचले तेव्हा उजाडायला थोडा वेळ होता. उष्टी फांदी अंधारातही हाताला लागली. पाला खुडण्याआधी सर क्षणभर थांबले.

“आलो हं बाई,” ते म्हणाले.

हे कुठल्याच नोंदवहीत नव्हतं.